रामशास्त्र्यांचा निकाल आणि आपली साक्ष

(शिरवळला वीटभट्ट्यांवर आलेल्या वाड्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलले तसंच बरंचसं ठेवलं आहे. मधले प्रश्न तेवढे काढले आहेत.)



आज बाजार आहे. आठवड्याची खर्ची हातात पडली आहे आणि मीठमिरची घ्यायची सोडून तुम्ही इथं बसलात. थोडक्यात बोलते असं मी म्हणणार नाही, कारण गोष्ट मोठी आहे. ज्यांना बाजाराला जायचंय त्यांनी मधून उठून जावं, मला राग नाही.

माझा विषय ठरला तेव्हा आपल्यातलाच एक कार्यकर्ता मला म्हणाला, "पेशवाईतला न्यायाधीश! त्याचं आपल्याला काय? त्या राज्यात आपला माणूस जंगलातच होता, आजही जंगलातच आहे." तो बोलला ते खोटं नाही. पण पुढच्या महिन्यात आपल्या चार वाड्यांची जमिनीची चौकशी लागली आहे. साहेबासमोर म्हाताऱ्या माणसांनी उभं राहून बोलायचं आहे. आणि परवा वाडीवर गेले तर तीन म्हातारे मला म्हणाले, "बाय, आमाला नको नेऊ, आमाला बोलता येत नाय." म्हणून मी हाच विषय घेतला. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

तुम्ही इथून सातारच्या रस्त्यानं गेलात तर खंबाटकीचा घाट लागतो. घाट उतरून पुढं सातारा, आणि साताऱ्याच्या शेजारी माहुली. तिथं कृष्णा आणि वेण्णा एकत्र होतात. त्या माहुलीचे हे रामशास्त्री प्रभुणे. 1789 साली ऑक्टोबरात ते गेले, म्हणजे दोनशेच्या वर वर्षं झाली. ज्यांचं वय झालंय त्यांतल्या काहींनी तंबूतल्या शिनेमात त्यांना बघितलं असेल. 1944 साली प्रभातनं 'रामशास्त्री' काढला होता, गजानन जागीरदारांनी काम केलं होतं.

त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगतात ती अशी. घरची गरिबी. साताऱ्यात अनगळ नावाच्या सावकाराकडे ते चाकरीला होते. शाळा नाही, अक्षर नाही. एक दिवस मालकाच्या पायावर पाणी घालत होते आणि लक्ष गेलं पाहुण्याच्या कानातल्या भिकबाळीकडं. पाणी भलतीकडं पडलं. मालक म्हणाला, असले दागिने घालायला अंगात विद्या लागते नाहीतर तलवार लागते, नुसतं बघून काय होतं? पोराला ते लागलं. चाकरी सोडली आणि शिकायला थेट काशीला गेला. वयानं मोठा झाल्यावर अक्षर गिरवायला बसला.

ही गोष्ट पुस्तकात वाचली तेव्हा मला माझीच भट्टी आठवली. मी सहावीत होते. दिवाळीला वाडी उठली की आमची शाळा बंद, ती पावसाळ्यापर्यंत. मुकादमाची उचल बापानं घेतलेली, मग भट्टीवर सगळ्यांनी जायचं. मालकाचा पोरगा माझ्याच वयाचा, तो मोजणीची वही घेऊन बसायचा. मी डोक्यावर विटा वाहायची आणि जाता-येता वहीत डोकवायची. तो हसायचा. आम्ही आणलेल्या विटा आणि वहीत पडलेल्या विटा यांचा मेळ कधी बसलाच नाही. पुढं आश्रमशाळेत नाव घातलं म्हणून मी बारावी झाले. नाहीतर आज तुमच्याबरोबर खाली बसून ऐकत असते.

पण एक फरक विसरायचा नाही. रामशास्त्री गरीब होते, तरी ब्राह्मण होते. म्हणून काशीला त्यांना गुरू मिळाला. त्याच साताऱ्यात एखादं कातकऱ्याचं पोर मालकाचा टोमणा ऐकून उठलं असतं, तर त्याला कुठल्या पाठशाळेनं दारात उभं केलं असतं? त्या काळात शिक्षासुद्धा जात बघून कमीजास्त व्हायची. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी शास्त्र्यांचं चांगलं बोलले की कोणी म्हणू नये, पोरगी पेशवाईच्या भजनी लागली.

काशीहून आल्यावर 1751 च्या सुमाराला ते पेशव्यांच्या चाकरीत लागले आणि 1759 ला पुण्याचे मुख्य न्यायाधीश झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचे जज्ज. (सातारा जिल्ह्याचं हे एकच नाव नाही. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर 1964 ला भारताचे सरन्यायाधीश झाले. पण तो विषय वेगळा.)

शास्त्री राहायचे साधे. साताऱ्यात ग्रँट डफ नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात आहे की शास्त्री घरात त्या दिवसाला पुरेल एवढंच ठेवायचे, जास्त नाही. आता आपल्याही घरात त्या दिवसापुरतंच असतं. पण आपलं ते व्रत नाही, आपली ती खर्ची आहे! मोठ्या पदावर असून जो असा राहतो त्याला लाच देऊन वळवता येत नाही, म्हणून ही गोष्ट सांगितली. आणखी एक सांगतात. त्यांची बायको एकदा वाड्यावर गेली, पेशविणीनं तिला दागिने घालून पालखीतून परत पाठवली. शास्त्री दारात उभे राहून भोयांना म्हणाले, तुम्ही घर चुकलात, ही बाई या घरची नाही. मला ही गोष्ट फारशी आवडत नाही. दागिने पेशविणीनं घातले आणि दारात अपमान झाला त्या बाईचा. असो.

माधवराव पेशवा तरुण होता, जपतपात फार बसायचा. शास्त्री कामाचं विचारायला गेले तर तो मौन धरून बसलेला. दुसऱ्या दिवशी शास्त्री म्हणाले, मला काशीला जायची परवानगी द्या. का? तर, तुम्हाला ब्राह्मणाचं कर्मच करायचं असेल तर आपण दोघंही गंगेवर जाऊन बसू. आणि राज्य करायचं असेल तर रयतेचं काम आधी बघा. माधवरावानं ऐकलं.

त्याच माधवरावाची वेठीची हकीकत तुमच्यासाठी मुद्दाम आणली आहे. तेव्हा सरदार, सुभेदार जाताना गावातली माणसं धरायचे आणि त्यांच्या डोक्यावर सामान द्यायचे. पैसा नाही, भाकर नाही. ते एवढं नेहमीचं होतं की कोणाला तो जुलूम वाटतच नसे. माधवरावानं हुकूम काढला, वेठ बंद. कोणी पाळला नाही. मग वसईचा सुभेदार विसाजीपंत याचं भारी सामान वेठीच्या माणसांकडून पुण्याला चाललंय अशी खबर आली. पेशव्यानं माणसं पाठवून ते सामान वाटेतच जप्त केलं. शेतीच्या कामावरून माणसं उठवली म्हणून सुभेदाराला मोठा दंड केला. आणि हुकूम पुन्हा काढला. डफ लिहितो, नंतर तो मोडायची कोणाची छाती झाली नाही.

पण हे माधवराव होता तोवर. तो 1772 ला गेला. पुढं त्याच ठाण्या-वसईच्या मुलखात वारल्यांना जमीनदारांची वेठ करावी लागतच होती. ती मोडली 1945 ला, वारली स्वतः उठले तेव्हा, गोदावरीबाई परुळेकर आणि लाल बावट्याच्या बरोबर. आणि वेठबिगार मोडायचा देशाचा कायदा आला 1976 ला. हिशेब करा किती वर्षं झाली ती. आणि त्यानंतरही उचल फिटली नाही म्हणून भट्टीवर अडकवून ठेवलेली माणसं या शिबिरात बसली आहेत. त्यांनी हात वर करायची गरज नाही, आम्हाला माहीत आहे.

आता मोठी गोष्ट. 30 ऑगस्ट 1773. शनिवारवाड्यात गारदी घुसले आणि नारायणराव पेशव्याला मारलं. पोरगंच होतं ते, अठरा वर्षांचं. पोरगं पळत चुलत्याकडं, रघुनाथरावाकडं गेलं, त्याला मिठी मारली, तरी वाचलं नाही. पुढं चुलताच गादीवर बसला. कोणी केलं हे सगळ्या पुण्याला कळत होतं, पण बोलणार कोण? राज्य त्याचं, फौज त्याची.

शास्त्र्यांनी चौकशी केली. चौकशीत आलं की रघुनाथरावानं गारद्यांना कागद लिहून दिला होता. लोक सांगतात त्या कागदावर आधी 'धरावे' होतं, म्हणजे नारायणरावाला कैद करा. आनंदीबाईनं 'ध' चा 'मा' केला, 'मारावे' झालं. ते खरं किती, खोटं किती, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. पण 'ध चा मा' कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याला तर मुळीच नाही. माझ्या आज्याची गोष्ट सांगते. आज्या रानात नाचणी-वरई करायचा. दर साली गार्ड यायचा, दंड मागायचा. कधी पैसे, कधी कोंबडी, कधी दोन्ही. पावती कधी दिली नाही. एका साली दिली, आयुष्यात एकदाच. ती आज्यानं प्लास्टिकात गुंडाळून कुडाच्या वाश्यात खोचून ठेवली. चौकशी लागली तेव्हा काढली. साहेबानं बघितली आणि म्हणाला, ही तुझी नाही. नावातल्या 'ल' चा लिहिणाऱ्यानं 'न' केला होता. आज्याला वाचता येत नाही. दहा-अकरा वर्षं तो दुसऱ्याच्या नावाचा कागद जिवापाड जपत होता. अर्ज फेटाळला. आज्या म्हणाला, "साहेब, जमिनीवर चला, बांध दाखवतो, बापानं लावलेलं आंब्याचं झाड दाखवतो." साहेब म्हणाला, झाडाला काय विचारू?

माझा आज्या मागं बसलाय. त्याला आवडणार नाही मी हे सांगितलं ते.

तर, चौकशी झाली आणि शास्त्री रघुनाथरावासमोर गेले. त्यानं विचारलं, या पापाला प्रायश्चित्त काय? मोठ्या माणसाला वाटलं असेल, दानधर्म सांगतील, नदीत अंघोळ सांगतील. शास्त्र्यांनी तोंडावर सांगितलं, देहांत. म्हणजे मरण. आणि तुम्ही गादीवर असाल तोवर मी पुण्यात पाय ठेवणार नाही, असं सांगून ते वाईजवळच्या एका लहान गावात जाऊन राहिले. खंबाटकीच्या पलीकडं, इथून लांब नाही.

मला शाळेत एवढंच शिकवलं होतं. बाणेदार रामशास्त्री, टाळ्या, घंटा झाली. पुढं काय झालं ते धड्यात नव्हतं. रघुनाथरावाला देहांत शिक्षा झाली का? नाही. पुण्यातल्या कारभाऱ्यांनी, बारभाईंनी, त्याला हाकललं. नारायणरावाचं मूल 1774 ला पुरंदरावर जन्मलं (नीरा ओलांडून वर गेलात की पुरंदरचा डोंगर), त्याच्या नावानं राज्य सुरू केलं. रघुनाथराव इंग्रजांकडं गेला, लढाया झाल्या, आणि शेवटी 1783 ला आजारानं मेला. पुढं 1796 ला त्याचाच मुलगा पेशवा झाला. रामशास्त्र्यांचा सगळ्यात मोठा निकाल असा कधी अमलात आलाच नाही.

निकाल आणि अंमल यात हे एवढं अंतर असतं. आपल्याला ते ठाऊक आहे. 1974 साली महाराष्ट्रात कायदा झाला, आदिवासींच्या बिगर-आदिवासींकडं गेलेल्या जमिनी परत करायचा. जमीनदार कोर्टात गेले, पार दिल्लीपर्यंत. 1984 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायदा बरोबर आहे. आपण जिंकलो. तरी किती जणांचा नांगर त्या जमिनीत परत चालतोय? काहींच्या हातात तर हुकूम आहे आणि जमिनीवर सावकाराचा ऊस आहे.

शास्त्री मात्र 1777 ला परत पुण्यात आले, मुख्य न्यायाधीश झाले, मरेपर्यंत काम केलं. ते गेल्यावर दोनच वर्षांनी घाशीराम कोतवालानं माणसं कोठडीत कोंडली आणि ती गुदमरून मेली. एकाच शहरात, एकाच राज्यात. माणूस चांगला असला तर न्याय, नाहीतर घाशीराम. म्हणून मी नुसत्या शास्त्र्यांच्या बाणेदारपणावर थांबत नाही. त्यांचं कोर्ट कसं चालायचं तेही वाचलं. तिथं आपल्या कामाचं आहे.

तेव्हा जमिनीचं भांडण आधी गावाच्या गोतसभेपुढं यायचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, सगळे बसायचे. दोन्ही बाजूंकडून आधी राजीनामा घ्यायचे. राजीनामा म्हणजे नोकरी सोडायचा नव्हे. पंच जे ठरवतील ते आम्ही राजीखुशीनं मानू, असा कागद. जामीन घ्यायचे. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलेलं, ते लिहून घ्यायचे. मग साक्षी. साक्षीदार कोण? शेजारी, जुनी जाणती माणसं. शिवेचा तंटा असला तर गावच्या महाराला विचारायचे, कारण शीव त्याच्या पायाखालची. ज्याला देवळात घेत नव्हते त्याचं बोलणं शिवेच्या बाबतीत धरावं लागायचं. हे सगळं झालं की निवाडपत्र. जिंकणाऱ्याकडून हरकी घ्यायचे, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे सरकारचं दोन्हीकडून भागायचं. पंचांचा निवाडा पटला नाही की प्रकरण वर जायचं, पुण्याला, शास्त्र्यांपर्यंत.

सगळं गोड नव्हतं. पुरावा सापडला नाही की दिव्य करायला लावायचे, उकळत्या तेलातून हातानं धातूचा तुकडा काढ म्हणायचे. हात भाजला तर तू खोटा. ते परत यावं असं मी म्हणत नाही!

पण म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हा पुरावा आहे, हे तेव्हा राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायाधीशाला मान्य होतं. आज आपल्याला म्हणतात, कागद आणा. कागद कोणाच्या हातात होता? गार्डच्या. द्यायचा का नाही कोणाच्या मर्जीवर? गार्डच्या. मग ज्यानं कागद दिला नाही त्यानंच विचारायचं, कागद का नाही?

शासनाचा निर्णय झाला होता 27 डिसेंबर 1978 चा. 31 मार्च 1978 च्या आधीपासून जे सरकारी जमीन कसत होते आणि अटींत बसतात, त्यांची जमीन नियमित करायची. म्हणजे दाखवायचं आहे ते एवढंच, की तेव्हा आपण तिथं होतो. ते म्हाताऱ्यांशिवाय कोण सांगणार? मी तेव्हा लहान होते. माझी साक्ष काय कामाची?

म्हणून आता कामाचं बोलते. प्रत्येक वाडीतून पाच म्हातारी माणसं यायला पाहिजेत, त्यात दोन तरी बाया. बायांना जास्त आठवतं, मी बघितलंय. कुठली पोर कुठल्या साली झाली, त्या साली कुठला राब भाजला होता, हे बायाच सांगतात. तारीख येत नसली तर तारीख सांगू नका. बहात्तरचा दुष्काळ आठवतो ना? खडी फोडायला गेलो होतो ते? त्याच्या आधी जमीन होती का नंतर, एवढं सांगा. आणीबाणी आठवते ना, माणसं धरून नसबंदीला नेत होते ते? त्या साली शेतात काय होतं ते सांगा. चारी बाजूंना कोणाचं शेत, कुठला ओढा, कुठला दगड, कुठलं झाड, हे सांगा. शेजाऱ्यानं शेजाऱ्याची साक्ष द्यायची. आपसात बांधाचं भांडण असेल तर ते या आठवड्यात वाडीवर मिटवून या, साहेबासमोर काढू नका.

जे बोलाल ते लिहून घेतलं पाहिजे. लिहून घेतल्यावर अंगठा लगेच देऊ नका. म्हणा, वाचून दाखवा. मी आणि आणखी दोन शिकलेली पोरं तिथं असू, आम्ही परत वाचू. नावातलं एक एक अक्षर बघू. नक्कल मागू. देत नसतील तर आज दिली नाही असं आपल्या वहीत लिहू, तारीख घालून. साहेब ओरडला तर ओरडू द्या. तुम्ही चोरी करायला गेलेला नाही, साक्ष द्यायला गेलात.

मालकानं त्या दिवशी सुट्टी दिली नाही तर आदल्या रात्री सांगा, संघटनेची माणसं येऊन मालकाशी बोलतील. एका दिवसाची मजुरी बुडेल. ती कशी वाटून घ्यायची ते जेवणानंतर बसून ठरवू, एकट्यादुकट्यावर पडू द्यायची नाही.

नावं आत्ताच घ्यायची आहेत, वही इथं आहे. आज्या, तुमचं पहिलं लिहिलंय. 'ल' नीट काढलाय, येऊन बघा.